मदत हवी आहे: युसी परत आलं, ३१ मार्च तोंडावर, दुसरा हप्ता बुडणार का?

ओढाकाठ · २३ मार्च, रात्री ११:४०

विद्यापीठाच्या लघुसंशोधन योजनेतून प्रकल्प मंजूर झाला होता. पहिला हप्ता आला, काम केलं, खर्चाचा दाखला म्हणून युसी पाठवलं. आज ते परत आलं. वर लाल पेनाने एकच ओळ: "शीर्षनिहाय खर्च जुळत नाही, पूर्तता करावी." पेन्सिलीने तीन ठिकाणी टिकच्या खुणा केल्यात, त्या कशाच्या ते देवाला माहीत. फोन केला तर "मॅडम, पत्रात लिहिलंय तसं करा". पत्रात काय करायचं तेच लिहिलेलं नाही.

३१ मार्चच्या आत नाही गेलं तर पैसे बुडतात म्हणे. आठ दिवस राहिलेत, त्यात दोन सुट्ट्या. कोणी केलं असेल तर पटकन सांगा.

---

खडूफळा · २३ मार्च, रात्री ११:५८

विद्यापीठ कोणतं? मंजुरी किती? पहिला हप्ता किती? खर्चाची शीर्षं कोणती? हे न सांगता विचारलंत तर आम्ही फक्त "काळजी घ्या" म्हणू शकतो.

---

निवृत्त_प्रयोगशाळा · २४ मार्च, सकाळी ६:१०

बीसीयूडीला प्रत्यक्ष जाऊन भेटा. फोनवर कामं होत नाहीत. मी २००९ साली गेलो होतो, साहेबांनी चहा पाजला, तासाभरात काम.

---

खडूफळा · २४ मार्च, सकाळी ७:०२

काका, बीसीयूडी आता कुठे शोधायचं? २०१६चा विद्यापीठ कायदा १ मार्च २०१७ला लागू झाला आणि महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळ त्यात राहिलंच नाही. आता संशोधन मंडळ आहे, अधिष्ठाते आहेत, प्र-कुलगुरू आहेत. शिपाई अजून "बीसीयूडीत टाका" म्हणतो ते सोडा.

---

ओढाकाठ · २४ मार्च, सकाळी ७:३०

विद्यापीठाचं नाव टाकत नाही, उद्या तिथेच काम आहे. महाराष्ट्रातलं, अकृषी. विषय पर्यावरणशास्त्र, नदीच्या पाण्याची तपासणी. मंजुरी ९०,०००. पहिला हप्ता निम्मा, म्हणजे ४५,०००. खर्च ४९,९०० झालाय, म्हणजे खरं तर मीच पदरचे घातलेत!

---

खडूफळा · २४ मार्च, सकाळी ७:४१

ताई, हप्ता ४५ आणि खर्च ४९.९? मग युसी किती रुपयांचं दिलंत?

---

ओढाकाठ · २४ मार्च, सकाळी ७:४८

४९,९००चं. खर्च तेवढाच झाला ना.

---

लेखापाल_नव्हे · २४ मार्च, सकाळी ८:१५

पहिली टिक तिथेच असणार. युसी म्हणजे *मिळालेल्या* रकमेचा विनियोग झाल्याचा दाखला. विद्यापीठाने ४५ दिले तर तुम्ही ४५चाच हिशेब प्रमाणित करणार. वरचे पैसे खर्चाच्या विवरणपत्रात दिसतात आणि दुसऱ्या हप्त्यात मागायचे असतात. युसीत मिळालेल्यापेक्षा जास्त आकडा दिसला की ते पुढे सरकतच नाही.

आता मंजुरीपत्रातला तक्ता टाका. शीर्षनिहाय.

---

सिलिकॉन_सदाशिव · २४ मार्च, सकाळी ८:५०

युसीबद्दल वाचून राहवलं नाही. आमच्याकडे दहा कॅम्पस आहेत आणि ओकलंडच्या मुख्यालयातून अंतर्गत स्पर्धा चालते. 'मल्टिकॅम्पस रिसर्च प्रोग्राम्स अँड इनिशिएटिव्हज' असं भलंमोठं नाव. एकट्या कॅम्पसने अर्ज करायचाच नाही, इतर कॅम्पसमधले सहकारी जोडून घ्यायचे. दुसरी एक योजना लॉस अलामॉस आणि लिव्हरमोर या प्रयोगशाळांच्या व्यवस्थापनापोटी विद्यापीठाला जे शुल्क मिळतं त्यातून चालते. म्हणजे बाहेरून आलेला पैसा पुन्हा आपल्याच संशोधनात. तुमचा अर्ज कोणत्या कॅम्पसवर अडलाय?

---

खडूफळा · २४ मार्च, सकाळी ८:५६

सदाशिवराव, युसी म्हणजे युटिलायझेशन सर्टिफिकेट. उपयोगिता प्रमाणपत्र. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया नव्हे.

---

सिलिकॉन_सदाशिव · २४ मार्च, सकाळी ९:०३

अरे देवा. तरी म्हटलं, ओकलंडात पेन्सिलीने टिका कोण करतंय.

---

ओढाकाठ · २४ मार्च, दुपारी १:२०

तास होते, आता वेळ मिळाला. तक्ता:

उपकरण ३०,०००
रसायने व काचसामान २५,०००
क्षेत्रभेट/प्रवास १५,०००
बाहेरची नमुना तपासणी १२,०००
आकस्मिक ८,०००

झालेला खर्च: पाणी तपासायचा बहुघटक मीटर ३३,६३०, रसायने ९,८७०, प्रवास ६,४००. बस. बाहेरची तपासणी दुसऱ्या हप्त्यात करणार होते.

मीटर जास्तीचा झाला हे माहीत आहे. कोटेशन २८,५०० होतं, त्यावर ५ टक्के जीएसटी धरून २९,९२५. अर्ज त्यावरच केला. बिल आलं १८ टक्क्यांनी. दुकानदार म्हणाला "मॅडम, ५ टक्के कुठल्या जमान्यातलं?" विभागातल्या सरांची जुनी फाईल बघून मी ५ टक्के लिहिले होते.

---

निवृत्त_प्रयोगशाळा · २४ मार्च, दुपारी १:४५

दुकानदाराने फसवलं! संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर ५ टक्केच लागतो. डीएसआयआरचं, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाचं नोंदणीपत्र दाखवायचं. आम्ही कायम तसंच घ्यायचो. फरक परत मागा.

---

लेखापाल_नव्हे · २४ मार्च, दुपारी २:०५

काका, ती सवलत १८ जुलै २०२२पासून बंद झाली. तेव्हापासून पूर्ण दर, १८ टक्के. दुकानदार बरोबर आहे. आणि ती सवलत होती तेव्हाही नोंदणी संस्थेच्या नावावर लागायची, तालुक्याच्या सगळ्या कॉलेजांकडे ती नसायची.

दुसरी टिक सापडली ताई: उपकरण शीर्षात ३,६३० जास्त. अर्जाच्या वेळी जुन्या फाईलीतला कर उचलला की असं होतं.

तिसरी टिक बहुतेक बिलावर असणार. बिल कोणाच्या नावाने आहे?

---

ओढाकाठ · २४ मार्च, दुपारी २:११

माझ्या.

---

खडूफळा · २४ मार्च, दुपारी २:१२

😐

---

लेखापाल_नव्हे · २४ मार्च, दुपारी २:३०

बिल "प्राचार्य, अमुक महाविद्यालय" या नावाने लागतं. पैसा विद्यापीठाचा, वस्तू महाविद्यालयाची, तुम्ही फक्त प्रमुख अन्वेषक. प्रकल्प संपला की मीटर तुमच्या घरी नाही, प्रयोगशाळेच्या कपाटात जाणार. डेडस्टॉक नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या वहीत, नोंद केली आहे का? पान क्रमांक आणि अनुक्रमांक बिलाच्या मागे लिहून प्राचार्यांची सही?

---

ओढाकाठ · २४ मार्च, दुपारी २:५०

नोंद नाही केली. मीटर माझ्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात आहे, थर्माकोलच्या खोक्यात. प्रयोगशाळेत ठेवला की प्रथम वर्षाची पोरं प्रोब ॲसिडात बुडवतात.

---

अर्ज_बहाद्दर · २४ मार्च, दुपारी ३:१५

मी काय म्हणतो, ९०,०००च्या मागे कशाला लागता? संशोधनाला पैसे देणारं केंद्राचं एएनआरएफ आलंय ना. २०२३चा कायदा, जुनं एसईआरबी त्यातच मिसळलं. एकदा तिथला प्रकल्प मिळाला की विद्यापीठाच्या लघुप्रकल्पाकडे वळून बघावंसं वाटणार नाही.

---

खडूफळा · २४ मार्च, दुपारी ३:२२

अर्ज_बहाद्दर, ताईंना ३१ मार्चच्या आत कागद द्यायचेत आणि तुम्ही त्यांना नवी विहीर खणायला सांगताय. शिवाय युजीसीची स्वतःची लघुप्रकल्प योजना बाराव्या पंचवार्षिकाबरोबर संपली, तेव्हापासून ग्रामीण कॉलेजातल्या माणसाला पहिला अनुभव घ्यायला विद्यापीठाचे हे पैसेच आहेत. कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या दृष्टीनेही बघा: २०१८च्या नियमावलीत १० लाखांच्या आतला प्रकल्प पूर्ण झाला तर ५ गुण, चालू असेल तर २. रक्कम लहान असली तरी पूर्णत्वाचा दाखला लागतोच, आणि युसी अडलं की दाखला अडतो.

---

अर्ज_बहाद्दर · २४ मार्च, दुपारी ३:३०

गुणांसाठी संशोधन. वा. म्हणूनच आपण मागे आहोत.

---

नांदेडकर_मी · २४ मार्च, दुपारी ३:४८

गुण नकोत तर पगारवाढ पण नको म्हणा की. आमच्याकडे तर कला शाखेला उपकरण शीर्षच देत नाहीत. लोकगीतं ध्वनिमुद्रित करायची होती, समिती म्हणाली मोबाईल आहे ना. सादरीकरणाला पाच मिनिटं दिली, त्यातली दोन प्रोजेक्टर लावण्यात गेली.

---

खडूफळा · २४ मार्च, दुपारी ३:५५

हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे, पण तिथे मीही येतो.

---

लेखापाल_नव्हे · २४ मार्च, संध्याकाळी ५:१०

ताई, आता नीट. दोन वाटा आहेत.

एक, सरळ. उपकरण शीर्षात ३०,०००च दाखवा. वरचे ३,६३० तुमचे किंवा महाविद्यालयाचे, विवरणपत्रात धरू नका. मग मान्य होणारा खर्च ३०,००० + ९,८७० + ६,४०० = ४६,२७०. युसी ४५,०००चं. उरलेले १,२७० दुसऱ्या हप्त्यातून मागायचे. विवरणपत्र नव्याने टाईप करून सीएकडून सही-शिक्का.

दोन, ३,६३० रसायनांच्या शीर्षातून वळवायला परवानगी मागा. याला पुनर्विनियोजन म्हणतात. ते आधी मागायचं असतं, आता मागितलं तर कार्योत्तर मंजुरी. ती समितीसमोर जाते.

बिलाचं: विक्रेता मार्च महिन्यात जुनं बिल रद्द करून नवं द्यायला नाखूष असतो, क्रेडिट नोट वगैरे भानगडी असतात. आधी विचारा. नाहीच जमलं तर प्राचार्यांचं पत्र जोडा की वस्तू महाविद्यालयाकडे जमा आहे, डेडस्टॉक पान अमुक, रक्कम अन्वेषकाने भरली व महाविद्यालयाने प्रतिपूर्ती केली. पण मग तशी प्रतिपूर्ती खरोखर व्हायला हवी. हप्ता प्राचार्यांच्या खात्यात आला होता ना?

---

ओढाकाठ · २४ मार्च, संध्याकाळी ५:३५

हो, प्राचार्यांच्या खात्यात. मी कार्डाने भरले, नंतर कॉलेजने ४५,०००चा चेक मला दिला.

पण ३,६३० का सोडायचे? माझी चूक म्हणावी तर करच बदलला होता!

---

नांदेडकर_मी · २४ मार्च, संध्याकाळी ५:४१

अगदी. ताई, लढा. कार्योत्तर मंजुरी मागा, हक्काचे पैसे आहेत.

---

लेखापाल_नव्हे · २४ मार्च, संध्याकाळी ५:५८

लढा, पण एप्रिलमध्ये. समितीची बैठक कधी होईल ते कोणालाच माहीत नसतं. दरम्यान ३१ मार्च उलटला की यंदाच्या अंदाजपत्रकातली तरतूद व्यपगत, म्हणजे रद्द, पुढच्या वर्षी पुनर्वैधतेचं पत्र, पुन्हा टिपणी, पुन्हा सह्या. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ४५,०००चा दुसरा हप्ता ३,६३०साठी अडकवू नका.

आणि कर २०२२मध्येच बदलला होता. तुमचा अर्ज त्यानंतरचा.

---

ओढाकाठ · २४ मार्च, संध्याकाळी ६:२०

बरं. पटलं नाही, पण करते.

---

निवृत्त_प्रयोगशाळा · २४ मार्च, संध्याकाळी ६:४४

मीटर कोणत्या कंपनीचा? प्रोब कोरडा ठेवू नका, पोटॅशियम क्लोराईडच्या द्रावणात ठेवा. थर्माकोलच्या खोक्यात महिनाभर राहिला असेल तर वापरण्याआधी रात्रभर भिजवा आणि ४, ७ आणि ९.२च्या बफरने तपासा. नाहीतर नदी आम्ल दाखवेल.

---

ओढाकाठ · २४ मार्च, संध्याकाळी ६:५०

काका, हे मात्र खरंच माहीत नव्हतं. फेब्रुवारीतल्या वाचनांवर मी दोन दिवस डोकं धरून बसले होते.

---

ओढाकाठ · २७ मार्च, दुपारी ४:०५

अपडेट. दुकानदाराने नवं बिल द्यायला नकार दिला, प्राचार्यांनी पत्र दिलं. डेडस्टॉक नोंदवही शोधायलाच अर्धा दिवस गेला, ती ग्रंथालयात निघाली. मीटरवर पांढऱ्या रंगाने क्रमांक घातलाय, माझ्यासमोर. सीए आधी रविवार म्हणत होते, पण आजच सही दिली. विद्यापीठात स्वतः गेले. पेन्सिलीची तिसरी टिक बिलाची नव्हतीच, एका बस तिकिटावरची तारीख मंजुरीपत्राच्या आदल्या दिवशीची होती. ८५ रुपये. तेही काढले, म्हणजे आता १,२७०ऐवजी १,१८५ मागायचे.

आवक क्रमांक मिळाला.

---

लेखापाल_नव्हे · २७ मार्च, दुपारी ४:१२

आवक शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो आत्ताच काढून ठेवा. मूळ प्रत हरवते.

---

नांदेडकर_मी · २७ मार्च, दुपारी ४:३०

ताई, ते प्राचार्यांच्या पत्राचं प्रारूप इथे टाकाल का? नाव खोडून. आमच्याकडे तिघांची बिलं स्वतःच्या नावाने आहेत.

---

सिलिकॉन_सदाशिव · २७ मार्च, रात्री ९:१५

अभिनंदन ताई. नदी कोणती ते सांगा की आता.

---

ओढाकाठ · २७ मार्च, रात्री ९:४०

नदी सांगितली की विद्यापीठ कळेल. प्रारूप उद्या टाकते, टंकन करायचं आहे.