बिरूने काल तीन घड द्राक्षं खाल्ली. खरंच विष असतं का हो?

सातपूरवाले काका (रविवार, सकाळी 10:40)

मंडळी, रविवार आहे, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद आहे आणि मुलगा पुण्याहून दर अर्ध्या तासाने फोन करून माझ्यावर ओरडतोय. म्हणून इथे विचारतो.

आधी कुत्र्याविषयी. लॅब्रेडोर, वय चार, वजन 34 किलो. कागदोपत्री नाव ब्रुनो, पण ते सौ.च्या तोंडी कधी बसलंच नाही, त्यामुळे घरात बिरू. आणला मुलाने, हट्टाने. "पप्पा, त्याचं सगळं मी करणार." सहा महिने केलंही. मग हिंजवडीत नोकरी लागली, तिथला घरमालक कुत्रा ठेवू देईना आणि बिरू कायमचा आमच्या गळ्यात. सातपूरच्या कारखान्यात बत्तीस वर्षं पाळ्या केल्या, वाटलं होतं निवृत्त झाल्यावर निवांत झोपू. आता पावणेसहाला तोंडावर ओलं नाक येतं. पण तक्रार नाही. इंदिरानगरात मला नावाने ओळखणारे चार लोक नसतील, 'बिरूचे बाबा' म्हणून मात्र भाजीवालीसुद्धा ओळखते.

आता मुद्दा. मेहुण्यांची निफाडकडे बाग आहे. दर फेब्रुवारीत दोन क्रेट घरपोच येतात. या दिवसांत नाशिकच्या घरात द्राक्षं कुठे कुठे असतात ते तुम्हाला काय सांगायचं! फ्रिजमध्ये, परातीत, टेबलावर, अख्ख्या मजल्याला वाटून झाली तरी गॅलरीत. काल संध्याकाळी आम्ही दोघं पाथर्डी फाट्याला एका साखरपुड्याला गेलो. दीड-दोन तासांत परत. गॅलरीचं जाळीचं दार ओढून घेतलं होतं, पण ते नाकाने सरकवता येतं हे बिरूला माहीत होतं, मला नव्हतं. क्रेटशेजारी तीन देठं पडलेली, एकही मणी नाही, जणू कुणी मांडी घालून निवांत खाल्लीत. मी हसलो, फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. तिथून मुलाचे फोन सुरू.

रात्री जेवला व्यवस्थित. पहाटे एकदा उलटी झाली, त्यात सालं होती. सकाळी फिरायला आला, पण ओढून न्यावा लागला. खालच्या पार्किंगमध्ये एक बोका गाडीच्या बॉनेटवर बसलेला असतो, त्याच्यावर भुंकल्याशिवाय बिरूचा दिवस सुरू होत नाही. आज नुसतं बघितलं आणि पुढे गेला. मला तेवढंच खटकलंय.

पण एक सांगा. गेली तीन वर्षं मी स्वतःच्या हाताने त्याला रोज पाच-सात मणी देतोय. शिऱ्यातले बेदाणे वेगळेच. कधी काही झालं नाही. मेहुणे म्हणतात, "आमच्या बागेतली कुत्री द्राक्षांवरच वाढली." मुलगा म्हणतो, किडनी जाते. कोणाचं खरं मानू?

दिंडोरीचा बागायतदार (सकाळी 10:58)

काका, टेन्शन घेऊ नका. आमच्या बागेत तीन कुत्री आहेत. काढणीला मणीगळ होते, खाली सडा पडतो, खातात ती. कोल्हे येऊन खातात. मोबाइलवर वाचून शहरातली पोरं घाबरतात. बागेतून थेट आलेला माल असेल तर त्यावर फवारणीचं काही राहिलंय का एवढं मेहुण्यांना विचारा. माझ्या मते त्रास झाला तर त्याचाच. ताक पाजा, बरा होईल.

मीनल, गंगापूर रोड (सकाळी 11:05)

काका, एवढं वाचा आणि फोन ठेवून उठा. नाशिक रोड, कॉलेज रोड, पंचवटी, जिथे रविवारी दवाखाना उघडा असेल तिथे फोन करा. पहिलंच वाक्य "कुत्र्याने द्राक्षं खाल्ली, सोळा-सतरा तास झाले, एक उलटी झाली" असं सांगा. ताक नको. घरी उलटी करवायला मीठ-पाणी तर अजिबात नको, त्याने वेगळंच दुखणं होतं. खाल्ल्यावर दोनेक तासांच्या आत नेलं असतं तर डॉक्टरांनीच इंजेक्शन देऊन उलटी करवली असती. ती वेळ गेली. आता रक्त तपासणं आणि सलाईन.

बाकीचं तिथे बाकावर बसून वाचा.

माझी बीगल, छकुली. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत रव्याच्या लाडवांचा डबा तिने पाडला. सासूबाई बेदाण्यात हात आखडता घेत नाहीत. पहिला दिवस उलट्या, आम्हाला वाटलं तूप बाधलं. दुसऱ्या दिवशी बरी दिसली, शेपटी हलवली, आम्ही निश्चिंत. तिसऱ्या दिवशी लघवीच होईना. किडनीचं हे असंच असतं, एक ते तीन दिवसांत कळतं आणि मधल्या वेळात कुत्रं बरं दिसतं. छकुली वाचली, पण आयुष्यभराचं पथ्य लागलं.

"तीन वर्षं काही झालं नाही" हे माझ्या सासूबाईही म्हणाल्या होत्या. एखाद्या कुत्र्याला किलोभर पचतात, दुसऱ्याला मूठभर भोवतात आणि त्याच कुत्र्याला पुढच्या वेळी काय होईल ते सांगता येत नाही. आधी कोणी म्हणायचं बुरशी, कोणी म्हणायचं फवारणी. पण घरी लावलेल्या, काही न फवारलेल्या वेलीची द्राक्षं खाऊनही कुत्री आजारी पडली. 2021 मध्ये अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. हे आम्ल द्राक्षांत भरपूर असतं आणि आपल्यासारखं ते कुत्र्याच्या शरीरातून सहज बाहेर पडत नाही, किडनीत साठतं. कुठल्या जातीत, किती पिकलेल्या मण्यात ते किती असेल याचा भरवसा नाही, म्हणून परिणामाचाही नाही. बेदाण्यात पाणी उडून गेलेलं, त्यामुळे ते जास्त वाईट. आणि हो, चिंचेतही तेच आम्ल. चिंचगुळाची आमटी कुत्र्याच्या पोळीवर ओतत असाल तर तीही बंद.

लघवीवर लक्ष ठेवा. किती वेळा आणि किती, दोन्ही.

सातपूरवाले काका (सकाळी 11:20)

रिक्षावाले कुत्रा बघून थांबत नाहीत, शेजारच्या मुलाने गाडी काढली आहे. निघतो. लघवीचं विचारलंत म्हणून आता हिशेब केला. घरापासून जॉगिंग ट्रॅकच्या कोपऱ्यापर्यंत रोज अकरा खांबांवर पाय वर होतो. आज चार.

दिंडोरीचा बागायतदार (दुपारी 1:30)

ताई, तुमचं वाचून जेवण गोड लागलं नाही. एक गोष्ट लिहायची राहिली होती, मुद्दामच लिहिली नाही म्हणा. मागल्याच्या मागल्या वर्षी काढणीच्या दिवसांत आमचा वाघ्या गेला. दोन दिवस नुसतं पाणी पीत होता, उलट्या करत होता. घरात सगळे म्हणाले, फवारणीचं काहीतरी चाटलं असेल. मळ्यातल्या कुत्र्याचं रक्त कोण तपासतो? खड्डा खणला, संपलं. म्हणजे "आमच्या कुत्र्यांना काही होत नाही" हे मी कशाच्या जोरावर म्हणालो, ते आता मलाच सांगता येईना.

आम्लाचं म्हणाल तर ते पटतं. मणी पाणी धरायला लागला की आंबटाई उतरत जाते आणि गोडी चढते, आम्ही ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजूनच काढणी धरतो. त्याच वेलीवरचा सावलीतला घड आणि उन्हातला घड यात फरक असतो. एक्स्पोर्टचा माल आणि खाली पडलेला कच्चा मणी यात तर असणारच. काका, काय म्हणाले डॉक्टर? कळवा.

सातपूरवाले काका (रविवार, रात्री 9:15)

नाशिक रोडला एक दवाखाना उघडा मिळाला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "काका, सीझन सुरू झाला की माझ्याकडे हे सुरू होतं." रक्त घेतलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते, 1.3 निघालं, म्हणजे आजच्या घडीला ठीक. पण उद्या परत बघायचं, कारण ते उशिरा चढतं. चार तास सलाईन लावली. बिरू दवाखान्यात नेहमी सगळ्यांच्या अंगावर उड्या मारतो, आज सुई टोचताना माझ्या चपलेवर हनुवटी ठेवून पडला होता. मी बाहेर येऊन चहा प्यायलो. इथे जास्त लिहीत नाही.

मुलाला फोन केला. या वेळी तोही ओरडला नाही. त्याचंच जास्त लागलं.

पंचवटीची रोहिणी (सोमवार, सकाळी 8:10)

काका, बिरू लवकर बरा होवो. मी तीन वर्षं एका प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस होते. एक विचारू? बिरूचं रोजचं जेवण काय? तुमच्या घरी द्राक्षं दोन महिने असतात, कांदा बाराही महिने असणार.

सातपूरवाले काका (सकाळी 8:40)

दूध-पोळी, अंडं, आणि आमच्या ताटातलं उरलेलं. रविवारी मिसळ आणली की रश्श्यात पाव भिजवून सौ. त्याला देते, म्हणजे तो मागतोच. तिखट कमी असतं. का हो?

पंचवटीची रोहिणी (सकाळी 9:25)

तिखटाचं सोडा. त्या रश्श्याचा जीवच कांदा-लसणाच्या वाटणात असतो. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवलेला, तळलेला, वाळवून पूड केलेला, कसाही असो. वजनाच्या दर किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा एकदम पोटात गेला तर रक्तात फरक दिसतो असं पुस्तकात आहे. बिरू 34 किलोचा, म्हणजे एका बैठकीत अर्धा किलो तरी हवा. तेवढा तो एका रविवारी खात नाही, पण थोडा थोडा रोज गेला तरी नुकसान साठत जातं. लसूण तर त्याहून कडक. हे लगेच कळतही नाही. चार-पाच दिवसांनी कुत्रं मलूल होतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते आणि तोवर घरातले विसरलेले असतात की त्याने काय खाल्लं होतं. आमच्याकडे कांदाभज्यांच्या चुऱ्यावर वाढलेलं एक पॉमेरेनियन आलं होतं. हिरड्या बघून डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, "भजी कोण देतं याला?"

आज रक्त काढणारच आहेत तर हिमोग्लोबिनही बघा म्हणावं.

सातपूरवाले काका (मंगळवार, रात्री 8:50)

उशीर झाला, माफ करा. काल क्रिएटिनिन 2.1 वर गेलं. डॉक्टरीणबाईंनी दिवसभर ठेवून घेतलं, संध्याकाळी मी आणि सौ. दोघं त्याच्याजवळ बसून होतो. आज 1.6. लघवी मोकळी होतेय. आठवड्याने परत तपासायचं, तोवर किडनीचं खाणं. ते डब्यातलं असतं आणि त्याला अजिबात आवडत नाही. हिमोग्लोबिन किंचित कमी निघालं. रोहिणीताई, तुम्ही विचारलं नसतं तर ते बघितलंच गेलं नसतं. खर्च साडेसहा हजार, मुलाने न सांगता पाठवून दिले.

सौ.ला कांद्याचं सांगितलं तेव्हा ती चिडली. म्हणाली, "लासलगावचा कांदा चालत नाही, निफाडची द्राक्षं चालत नाहीत, मग नाशिकमध्ये कुत्र्याने खायचं तरी काय?" बराच वेळ भांडी आदळली. मग तिनेच फ्रिजवर कागद चिकटवला, वर 'बिरू' लिहिलं आणि खाली चालणारं: पपई, बिया काढलेलं कलिंगड, गाजर, वाटण पडायच्या आधी बाजूला काढलेलं चिकन. किडनीचं पथ्य संपेपर्यंत त्यातलंही काही नाही, ते तिने खाली लाल पेनाने लिहिलंय. दुपारी मला शिऱ्यात बेदाणे दिसले नाहीत. म्हणजे ते माझेही बंद झाले.

मेहुण्यांना फोन केला. आधी हसले, मग त्यांना दिंडोरीवाल्या भाऊंच्या वाघ्याचं सांगितलं. गप्प झाले. बागेतल्या कुत्र्यांना काढणीपुरतं पॅकिंगच्या शेडमागे बांधतो म्हणाले. बांधतील की नाही देव जाणे, पण म्हणाले.

आज सकाळी नऊ खांब झाले. बोक्याकडे बघून घशातल्या घशात गुरगुरला, भुंकला नाही.

मीनलताई, तुम्ही "उठा" म्हणालात म्हणून मी उठलो, नाहीतर ताक पाजून बसलो असतो. दिंडोरीवाले भाऊ, राग नाही.

दीड क्रेट अजून शिल्लक आहे, सध्या शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये. थॉमसन आहे, गोड आहे. इंदिरानगरात कुणाला येऊन न्यायची असतील तर मेसेज करा. घरात कुत्रं नसेल तरच.