आयसिंग ओघळतंय त्याबद्दल

पाच वर्षांच्या लेकीसोबत केलेल्या कपकेकवरचं क्रीम दर वेळी ओघळतं, असं वर विचारलंय. बहुतेक वेळा केक आतून गरम असतो. वरून हाताला गार लागला तरी मध्ये ऊब राहते आणि बटर तेवढ्यानंही सैल पडतं. जाळीवर तासभर तरी ठेवाच. मुलांना तेवढा दम धरवत नाही, म्हणून आम्ही केक सकाळी भाजतो आणि आयसिंग संध्याकाळी करतो.

१०० ग्रॅम मऊ, बिनमिठाच्या बटरला २०० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर. दूध लागलंच तर चमचा-चमचा. रंग जेलचा घ्या, पातळ रंगाने क्रीम आणखी ढिलं होतं. मुंबईच्या मे महिन्यात क्रीम भरलेली पिशवी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवावी लागतेच.

पिशवी गच्च भरू नका. जाड झिपलॉक अर्धीच भरा, वर पीळ देऊन रबर बँड लावा आणि कोपरा अगदी थोडा कापा. माझा मुलगा ओठ मुडपून, दोन्ही हातांनी दाबत फूल काढतो. ते वाकडं झालं तरी मी त्यावर सुरी फिरवत नाही, प्लीज तुम्हीही फिरवू नका. ते त्याचं असतं.

आणि 'अंडं नाही, मग मिश्रण चाटू दे' असं कुणीतरी लिहिलंय, ते मात्र नको. कच्च्या मैद्यातही जंतू असू शकतात. चाटायला क्रीमचं भांडं द्या.