अनुभव धागा : एएफच्या उपचारांवर दुसरं मत घेताना

'एट्रियल फिब्रिलेशन', म्हणजे एएफ (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके बेताल पडणं), असं निदान झालं की घरात दोन प्रश्न एकदम उभे राहतात. रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यायची का? आणि ॲब्लेशन (नळी हृदयात नेऊन बिघाड करणारा भाग निकामी करणं) करून घ्यायचं का? दोन्हींवर दुसरं मत घेणं रास्तच आहे. पण फाइल अर्धवट असेल आणि प्रश्न नेमका नसेल, तर दुसरे डॉक्टर एक तर पहिल्याच चिठ्ठीवर मान डोलावतात, नाही तर सगळ्या तपासण्या पुन्हा लिहून देतात. रोज हेच काम करणाऱ्यांनी इथे नेमके तपशील लिहावेत ही विनंती. स्वतःच्या हकिगती नकोत, कामाचं लिहा.

एक गोष्ट सगळ्यांच्या आधी सांगते. दुसरं मत मिळेपर्यंत चालू असलेली रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. ॲब्लेशनचा निर्णय बहुतेक वेळा काही आठवडे थांबतो. गुठळीचा धोका थांबत नाही.

ईसीजी तंत्रज्ञ, सोलापूर

दुसऱ्या मताचा पाया म्हणजे ठोके बिघडलेले असताना निघालेला ईसीजी. नंतर काढलेला नॉर्मल ईसीजी कितीही स्वच्छ असला तरी त्यावरून एएफ ठरत नाही आणि नाकारताही येत नाही. म्हणून धडधड सुरू असताना जवळच्या कुठल्याही दवाखान्यात जाऊन बारा लीडचा ईसीजी काढून घ्या. लीड दोनची लांब पट्टी मागून घ्या. कागदावर नाव, तारीख, वेळ, वेग (२५ मिमी प्रति सेकंद) आणि गेन (१० मिमी प्रति मिलिव्होल्ट) छापलंय का ते तिथेच बघा.

मशीनने वर छापलेल्या वाक्यावर विसंबू नका. हात थरथरत असेल, इलेक्ट्रोड सैल असेल किंवा अधूनमधून जादा ठोके पडत असतील तरी मशीन 'एएफ' छापतं. उलटही होतं: एट्रियल फ्लटरला (वरच्या कप्प्यांचे ठोके वेगाने पण ठरावीक लयीत पडणं) एएफ म्हटलं जातं. हा फरक किरकोळ नाही. नेहमीच्या फ्लटरचं ॲब्लेशन हृदयाच्या उजव्या बाजूला होतं, तुलनेने सोपं असतं आणि यशाचं प्रमाण बरंच जास्त असतं. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: "हे नक्की एएफ आहे की फ्लटर, आणि कुठल्या पट्टीवरून म्हणता?"

ईसीजीचा कागद थर्मल असतो. लॅमिनेट केला तर उष्णतेने काळा पडतो, प्लास्टिकच्या पाकिटात वर्षभर ठेवला तर रेषा उडतात. त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि मूळ कागद साध्या कागदी पाकिटात ठेवा. फोनवर फोटो काढताना फ्लॅश बंद, कागद सपाट, चारही कडा आत. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर बारीक चौकटी पुसट होतात, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

होल्टर विभाग, ठाणे

चोवीस तासांच्या होल्टरमध्ये (अंगावर लावून फिरायचं ईसीजी यंत्र) एएफ सापडलं नाही, म्हणजे नाहीच असं नव्हे. महिन्यातून एकदा त्रास होत असेल तर चोवीस तासांत तो पकडला जाण्याची शक्यता कमी. अशा वेळी सात किंवा चौदा दिवसांचा, छातीवर चिकटवायचा ईसीजी पॅच मागा. डायरी मोघम लिहू नका. 'दुपारी बरं नव्हतं' याचा उपयोग नाही. '२.४०, जिना चढताना धडधड, पाच मिनिटं' असं लिहा. अहवालाच्या पहिल्या पानावरचा सारांश पुरत नाही, त्यामागच्या पट्ट्या छापून किंवा पीडीएफमध्ये घ्या. एएफ एकूण किती वेळ टिकलं, दोन ठोक्यांमधला सर्वांत मोठा विराम किती सेकंदांचा, ठोके किमान-कमाल किती, हे चार आकडे दुसरे डॉक्टर आधी शोधतात. विराम लांब असतील तर ठोके कमी करणाऱ्या गोळ्यांचा सगळा हिशेबच बदलतो.

घड्याळातला ईसीजीही चालतो, पण पीडीएफ द्या. स्क्रीनवर 'एएफ' लिहिल्याचा फोटो देऊ नका. तीस सेकंदांची स्वच्छ एका लीडची पट्टी डॉक्टरांनी स्वतः वाचली तर ती पुरावा ठरते.

फॅमिली डॉक्टर, नाशिक जिल्हा

आता गोळीच्या प्रश्नावर येतो, कारण दुसऱ्या मताची सगळ्यात जास्त गरज इथेच असते आणि लोक मात्र ॲब्लेशनबद्दलच विचारतात.

रक्त पातळ करायची गोळी द्यायची की नाही हे धडधड किती होते यावर ठरत नाही, पक्षाघाताच्या धोक्यावर ठरतं. त्याचा गुणांक सरळ आहे. हृदय निकामी होण्याचा इतिहास १, उच्च रक्तदाब १, मधुमेह १, हृदयविकाराचा झटका किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार १, वय ६५ ते ७४ असेल तर १, ७५ किंवा पुढे असेल तर २, पूर्वी पक्षाघात किंवा त्याची तात्पुरती लक्षणं झाली असतील तर २. जुन्या पद्धतीत स्त्रियांना आणखी १ मिळायचा, २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी तो काढून टाकला. त्यांच्या हिशेबात २ किंवा जास्त झाले तर गोळी द्यावी, १ असेल तर विचार करावा. दोन्ही डॉक्टरांना विचारा, "माझे गुण किती धरलेत?" मतभेद बऱ्याचदा इथेच सापडतो, एकाला मधुमेह माहीत असतो, दुसऱ्याला नसतो.

ॲस्पिरिन हा या गोळीचा पर्याय नाही. "वय झालंय, रक्तस्राव नको, ॲस्पिरिन देऊ" असं लिहिलेल्या चिठ्ठ्या आजही येतात. एएफमधली गुठळी अडवायला ॲस्पिरिन फार कमी पडतं आणि पोटातल्या रक्तस्रावाचा धोका मात्र राहतोच. अशी चिठ्ठी असेल तर दुसरं मत घ्याच.

एक मोठा अपवाद आपल्याकडे विशेष आहे: संधिवाताच्या तापाने अरुंद झालेला मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयाच्या डाव्या बाजूची झडप). अशा एएफमध्ये आयएनआर न तपासता घ्यायच्या नव्या गोळ्यांपेक्षा जुनी, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) बघून द्यायची गोळी (वॉरफरीन किंवा असेनोक्युमरॉल) चांगली ठरली. २०२२ च्या इनव्हिक्टस या अभ्यासात रिव्हारोक्सॅबनच्या तुलनेत जुन्या गोळीच्या गटात मृत्यू कमी झाले. धातूचा व्हॉल्व्ह बसवलेल्यांनाही नव्या गोळ्या चालत नाहीत. म्हणून "आयएनआरची कटकट नको, नवी गोळी लिहून द्या" असा आग्रह धरण्याआधी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) मायट्रल व्हॉल्व्हबद्दल काय लिहिलंय ते डॉक्टरांकडून समजून घ्या.

औषधनिर्माता, कोल्हापूर

डॉक्टरांनी नवी गोळी बरोबर निवडली आणि डोस चुकला, असं फार होतं. बहुतेक वेळा तो विनाकारण कमी केलेला असतो.

अ‍ॅपिक्साबॅन ५ मिग्रॅ दिवसातून दोनदा हा पूर्ण डोस. तो २.५ करायचा तर वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.५ किंवा जास्त, या तिनांतल्या दोन गोष्टी हव्यात. नुसतं "आजी नाजूक आहेत" हे कारण होत नाही. रिव्हारोक्सॅबन २० मिग्रॅ दिवसातून एकदा आणि भरल्या पोटी. उपाशीपोटी घेतली तर पुरेशी शोषली जात नाही, म्हणून उपवासाच्या दिवशी काय करायचं ते आधीच विचारून ठेवा. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडायची नाही आणि मूळ पाकिटातून काढून सात दिवसांच्या डबीत भरून ठेवायची नाही, तिला दमटपणा चालत नाही.

किडनीचा हिशेब फक्त क्रिएटिनिन बघून करू नका. उदाहरण घ्या: वय ७८, वजन ५२ किलो, स्त्री, क्रिएटिनिन १.२. लॅबच्या कागदावर हे जवळपास नॉर्मल दिसतं. पण १४० वजा ७८ म्हणजे ६२. गुणिले ५२ म्हणजे ३२२४. भागिले ७२ गुणिले १.२, म्हणजे ८६.४, उत्तर साधारण ३७, स्त्री म्हणून ०.८५ ने गुणलं की सुमारे ३२. किडनी मिनिटाला किती मिली गाळते याचा हा अंदाज. इथे रिव्हारोक्सॅबन १५ वर येते, अ‍ॅपिक्साबॅन मात्र पूर्ण ५ च राहते, कारण तिनांतली एकच अट (वजन) लागू होते. म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर वय, आजचं वजन आणि गेल्या तीन महिन्यांतलं क्रिएटिनिन मोठ्या अक्षरांत लिहा.

आणि गुडघेदुखीची गोळी चिठ्ठीत नसते, पण पोटात असते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर धोक्याच्या. विचारल्याशिवाय लोक सांगत नाहीत, म्हणून घरातल्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून घेऊन जा, काढेसुद्धा.

इको करणारे डॉक्टर, नागपूर

इकोच्या अहवालात 'एलए डायलेटेड' (डावी कर्णिका, म्हणजे हृदयाचा वरचा डावा कप्पा, मोठा) एवढंच असेल तर आकडा मागा. डाव्या कर्णिकेचा आकारमान-निर्देशांक ३४ मिली प्रति चौमीच्या वर गेला की ती मोठी धरतात. कर्णिका जितकी मोठी आणि एएफ जितकं जुनं, तितकं ॲब्लेशनचं यश कमी. त्याबरोबर इको करताना ठोके किती होते तेही लिहून घ्या. ठोके १४० असताना ईएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) ३५ आलं तर ते हृदय मुळातच दुबळं म्हणून, की ठोके वेगात पडत राहिल्याने दमलं म्हणून, हे त्या दिवशी सांगता येत नाही. ठोके आटोक्यात आणून काही आठवड्यांनी पुन्हा इको केल्यावर ईएफ सुधारलेलं दिसू शकतं. घाईने छातीत यंत्र बसवायचा सल्ला मिळाला असेल तर हाच मुद्दा दुसऱ्या मतासाठी न्या.

टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) झालंय का तेही बघा. थायरॉइड वाढलेलं असताना एएफचं ॲब्लेशन ठरवण्यात अर्थ नाही.

ईपी लॅबमधली सिस्टर, पुणे

दुसरं मत कोणाचं? स्टेंट घालणारे कार्डिओलॉजिस्ट एएफ ओळखतात आणि औषधंही देतात, पण ॲब्लेशनबद्दलचं मत इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्टकडूनच (ईपी, म्हणजे हृदयाच्या तालाचे तज्ज्ञ) घ्या. आणि उलटही: ॲब्लेशनच सुचवणाऱ्यांना विचारा, "फक्त औषधांवर राहिलो तर काय होईल?"

प्रश्न नेमके हवेत. "किती ॲब्लेशन करता?" असं विचारू नका, "एएफची वर्षाला किती करता?" असं विचारा. एसव्हीटीचं (दुसऱ्या प्रकारची वेगवान धडधड) ॲब्लेशन वेगळं. एएफसाठी कर्णिकांमधल्या पडद्याला छिद्र पाडून डावीकडे जावं लागतं. ॲब्लेशन कशाने करणार: उष्णतेने, गोठवून की नव्या पल्स्ड फील्डने (विजेच्या स्पंदांनी)? हृदयाभोवती रक्त साचलं तर सर्जन त्याच इमारतीत आहेत का? हा धोका शंभरात एकाच्या आसपास धरतात, आणि तेव्हा मिनिटं मोजावी लागतात.

लवकर ताल सुधारण्यालाही आधार आहे. २०२० च्या ईस्ट-एएफनेट ४ अभ्यासात निदानानंतर वर्षभराच्या आत ताल राखायचे उपचार सुरू केलेल्यांना फायदा दिसला, आणि त्यातल्या बहुतेकांना सुरुवातीला औषधंच दिली होती. म्हणून 'लवकर' याचा अर्थ 'याच आठवड्यात ॲब्लेशन' असा होत नाही. पण पाच वर्षं नुसतं बघत बसायचं असाही होत नाही.

"ॲब्लेशन झालं की गोळी सुटेल" असं कुणी सांगितलं तर थांबून विचारा. किमान दोन-तीन महिने ती चालूच राहते, आणि त्यापुढे वर डॉक्टरांनी लिहिलेल्या गुणांवर ठरतं. ताल सुधारला तरी गुण तेच राहतात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा धडधड झाली तर ॲब्लेशन फसलं असं लगेच म्हणत नाहीत.

एक गोष्ट डिस्चार्ज कार्डावर लाल शाईने लिहून घ्या. उष्णतेच्या ॲब्लेशननंतर एक ते आठ आठवड्यांत ताप, गिळताना दुखणं, छातीत दुखणं किंवा हातपाय लुळे पडणं असं काही झालं, तर जवळच्या दवाखान्यात तापाची गोळी घेऊन थांबू नका. अन्ननलिका आणि हृदय यांच्यात छिद्र पडल्याची ती खूण असू शकते. हे फार क्वचित होतं, पण जिवावर बेततं. अशा वेळी घशातून एंडोस्कोपी करायची नसते, छातीचा सीटी करायचा असतो. ज्यांनी ॲब्लेशन केलं त्यांनाच फोन करा.

रुग्णालयातला नोंदी विभाग, मुंबई

कागद मागायला लाजू नका. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपाव्या लागतात. तोंडी मागू नका, एका ओळीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात 'डिस्चार्ज कार्ड' एवढंच लिहिलं तर तेवढंच मिळेल. सगळे ईसीजी, इकोचा अहवाल, अँजिओग्राफीची सीडी, रक्ततपासण्या, औषधांचा तक्ता, अशी नावं घाला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतही दुसरं मत घेण्याचा हक्क आहे, त्यामुळे "कशाला हवंय?" या प्रश्नाला "दुसरं मत घ्यायचंय" हे उत्तर पुरेसं.

क्लिनिकल फार्मासिस्ट, लंडन

परदेशातली मुलं आईवडिलांचे कागद तिकडच्या डॉक्टरांना दाखवतात, तेव्हा एक घोटाळा ठरलेला. भारतात आयएनआरवर चालणारी गोळी बहुधा असेनोक्युमरॉल असते, तिलाच निकोमॅलोन म्हणतात. अमेरिकेत ती मिळत नाही, तिथे वॉरफरीन. दोन्ही मिलिग्रॅमला मिलिग्रॅम सारख्या नाहीत: सारखाच परिणाम साधायला वॉरफरीन ढोबळमानाने दुप्पट लागतं. २ मिग्रॅच्या जागी २ मिग्रॅ लिहून मोकळं होता येत नाही. ब्रँड नाव देऊ नका, रासायनिक नाव, डोस आणि शेवटचे पाच-सहा आयएनआर तारखांसकट पाठवा. बहुतेकांसाठी आयएनआर २ ते ३ ठेवायचा असतो. आणि मेथी-पालक पूर्ण सोडायची गरज नाही. एक आठवडा रोज आणि पुढचे तीन आठवडे अजिबात नाही, असं केलं की आयएनआर हेलकावे खातो.

फॅमिली डॉक्टर, नाशिक जिल्हा

दुसऱ्या मतासाठी थांबायचं नाही अशा वेळाही सांगतो. चक्कर येऊन पडणं, छातीत दाब, दम लागून आडवं होता न येणं, तोंड वाकडं किंवा बोबडी वळणं: सरळ इमर्जन्सी. पक्षाघाताच्या लक्षणांत शेवटचं ठीक कधी दिसलं ती वेळ आणि रक्त पातळ करणारी गोळी शेवटची कधी घेतली ती वेळ, दोन्ही सांगा.

घरी बीपीचं स्वयंचलित मशीन एएफमध्ये आकडे खालीवर दाखवतं. एका मिनिटाच्या अंतराने तीनदा मोजून सरासरी लिहा. नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, पूर्ण एक मिनिट मोजा.

औषधनिर्माता, कोल्हापूर

आणखी एक. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या घेऊन लोक काउंटरवर येतात आणि दोन्हीकडचं द्या म्हणतात. एकीत ठोके कमी करणारं मेटोप्रोलॉल एका ब्रँडने, दुसरीत तेच दुसऱ्या ब्रँडने, वर तेच काम करणारं डिल्टियाझेम. ठोके ४० वर येतात. त्याहून वाईट म्हणजे असेनोक्युमरॉल चालू असताना नवी गोळीही सुरू. बदलायचंच असेल तर जुनी बंद करून आयएनआर २ च्या खाली आल्यावर अ‍ॅपिक्साबॅन किंवा डॅबिगॅट्रान सुरू करतात. तो बदल कोण बघणार ते चिठ्ठीवर लिहून घ्या. अमिओडॅरोन (ताल राखायची गोळी) नव्याने लागली असेल तर आयएनआर वाढतो, आठवड्याला तपासावा लागतो, आणि दर सहा महिन्यांनी टीएसएच व लिव्हरच्या तपासण्या. एकच डॉक्टर ठरवा, बाकीच्यांची मतं त्यांच्यापुढे ठेवा, आणि औषधं त्यांच्याच चिठ्ठीवर घ्या.