नदी समुद्राला मिळते तिथे बिनसोयींचं कॅम्पिंग: पुणेकरांनी करावं की बंद करावं?

रानवाट:
दिवाळी झाली की पुण्यातल्या सगळ्या ग्रुपवर धरणाकाठच्या टेंटच्या जाहिराती सुरू होतात, माणशी इतके रुपये, बार्बेक्यू, लाइव्ह म्युझिक, सकाळी पोहे. त्याला कॅम्पिंग म्हणायची माझी तयारी नाही. मी बोलतोय ते वेगळं. कोकणात नदी समुद्राला मिळते तिथे, म्हणजे केळशीला भारजा, आंजर्ल्याला जोग, बाणकोटला सावित्री, खाली देवबागला कर्ली, अशा खाड्यांच्या आसपास वस्तीपासून लांब एक रात्र राहायचं, लाइट नाही, नळ नाही, संडास नाही, पाणी आपलं आपण वाहून न्यायचं आणि कचरा आपला आपण परत आणायचा. हे टिकलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. हे बंद झालं तर किनाऱ्यावर रात्र काढणं फक्त रिसॉर्टच्या गिऱ्हाइकाला परवडेल.

आणि खाडीचं तोंडच का, नुसता बीच का नाही? कारण तिथे एका रात्रीत जे दिसतं ते दुसरीकडे दिसत नाही. भरती चढायला लागली की नदी उलटी वाहायला लागते, पाण्यात टाकलेलं पान समुद्राकडून डोंगराकडे निघतं. पुण्यात नदीपात्रातला रस्ता बघत वाढलेल्या पोराला हे एकदा दाखवा.

एक गोष्ट मात्र शिकूनच जायला पाहिजे. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ येते, हा कोळ्यांचा हिशोब आहे. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, थोडं मागेपुढे. म्हणजे चांदणं बघायला पौर्णिमेला जाणारे संध्याकाळी पाच-साडेपाचला पोचतात तेव्हा पूर्ण ओहोटी असते, समोर लांबच लांब सपाट घट्ट वाळू दिसते, टेंट लावायला याहून भारी जागा नाही असं वाटतं आणि रात्री अकराला नेमकं तिथेच पाणी येतं, तेही उधाणाचं, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या मोठ्या भरतीचं. हे माहीत असणारे लोक वाढले पाहिजेत, जागा बंद करून ते वाढणार नाहीत. बोला.

खाडीकाठची:
मी राहते कोथरूडला पण माहेर खाडीवरचं आहे म्हणून लिहिते, आणि राग येतो म्हणूनही लिहिते. लाइट नाही नळ नाही संडास नाही हे तुम्ही इतक्या कौतुकाने लिहिलंय, त्यातलं शेवटचं जरा नीट बघू या. ओहोटीला खाडीचा तळ उघडा पडतो तेव्हा आमच्याकडच्या बायका तिसऱ्या, मुळे असले शिंपले काढायला उतरतात, खडकावरची कालवं कोयत्याने फोडतात. तासन् तास वाकून बसायचं, हाताची बोटं कापतात, मग ती टोपली बाजारात जाते आणि त्यावर घरातला आठवडा निघतो. तिसरी आणि कालव काय करतात, पाणी गाळून खातात, पाण्यात जे असेल ते त्यांच्या पोटात साठतं. आता वीस जणांचा ग्रुप शनिवारी येऊन त्या काठावर सकाळी उरकून गेला तर ते कुठे जाणार? भरती येऊन घेऊन जाते, आणि समुद्रात नाही, तुम्हीच म्हणालात तसं आत, डोंगराकडे. आणि वाळूत पुरलं म्हणून काही होत नाही, रानातल्या मातीसारखं तिथे लवकर कुजत नाही, आणि पुढच्या उधाणाला वर येतं ते वेगळंच.

गावात घरगुती राहायची सोय आहे, माणसं प्रेमाने जेवायला घालतात. तिथे राहा, पहाटे उठून खाडीवर जा, हवं तितकं बघा. उघड्यावर झोपलंच पाहिजे हा हट्ट कशाला?

डोंगरवेडा:
रानवाटशी सहमत. फक्त एक ॲड करतो, वाळूत नेहमीच्या खुंट्या धरत नाहीत, पिशवीत वाळू भरून ती फूटभर खाली पुरायची आणि दोरी तिला बांधायची. दिवसा खारे वारे समुद्राकडून आणि रात्री मतलई वारे जमिनीकडून, त्यामुळे संध्याकाळी बरोबर वाटलेली दिशा पहाटे उलटी झालेली असते. दव पण जबरदस्त पडतं, वरचं कापड ठेवाच.

जलतरण_टिळकरोड:
मला यातला उत्साहच धोक्याचा वाटतो. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडला पुण्यातल्या कॉलेजची सहल गेली होती, १४ मुलं बुडाली, तीही भर दिवसा, बरोबर शिक्षक असताना. तो तर साधा बीच होता. खाडीचं तोंड त्याहून वाईट आहे, आणि ज्याने टँकमध्ये पोहणं शिकलंय त्याला ते कळतच नाही कारण वरून पाणी शांत दिसतं. भरतीला आत शिरलेलं सगळं पाणी आणि वरून येणारं नदीचं पाणी ओहोटीला एका अरुंद तोंडातून बाहेर पडतं. त्या ओढीविरुद्ध पोहता येत नाही, कितीही चांगला पोहणारा असू दे. बाहेरून लाटा येत असतात आणि आतून ओढ असते, त्या दोन्ही भिडतात तिथे लाट उभी राहते, होड्यासुद्धा तिथे वेळ बघून जातात. काठ म्हणाल तर गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल टाकलं की एकदम डोक्यावर पाणी, कारण प्रवाहाने वाळू कापलेली असते. वाळूचा दांडा या वर्षी इथे तर पावसाळ्यानंतर तिथे. देवबागला त्सुनामी आयलंड म्हणतात तोसुद्धा शेवटी नदीतला वाळूचा पट्टाच आहे ना.

दिवसा लोक असतात, होड्या असतात, कोणीतरी ओरडतं. रात्री अकराला तुमचा मित्र पाय धुवायला गेला आणि घसरला तर तिथे कोण आहे? फोनला रेंज नाही आणि जवळचं मोठं हॉस्पिटल घाटवळणाच्या रस्त्याने तासाभरावर. अनुभव घ्यायचा असेल तर घ्या, पण पोरांना असल्या ठिकाणी घेऊन जा हे जाहीरपणे सांगू नका, कळकळीची विनंती आहे.

रानवाट:
जलतरण, तुमचा प्रत्येक शब्द मला मान्य आहे आणि तरी निष्कर्ष मान्य नाही. खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरायचंच नाही, घोट्यापर्यंतसुद्धा नाही, हा नियम माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकाला निघायच्या आधी सांगितलेला असतो, आणि ज्याला तो पटत नाही त्याला गाडीत घेत नाही. पण लोक जाणारच आहेत हो. रस्ते झाले, पूल झाले, फोनमध्ये मॅप आहे, शुक्रवारी रात्री ताम्हिणीतून निघालेली गाडी पहाटे समुद्रावर असते. त्यांना भरतीचं गणित सांगणारा कोणीतरी हवा. मुरुडच्या त्या मुलांना ओहोटी कधी फिरते हे कोणी सांगितलं असतं तर, हा विचार मला अजून छळतो.

खाडीकाठची, संडासाचं तुम्ही म्हणताय ते अगदी खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे काठापासून निदान दोनशे फूट आत, मातीत, वीतभर खड्डा. वाळूत नाही, तिवरांत नाही. आणि वीस जण नाहीच, चार जास्तीत जास्त.

पाण्याची_बाटली:
मधेच विचारते, प्यायचं पाणी खाडीचं गाळून उकळून चालेल का? चौघांचं दोन दिवसांचं पाणी उचलून न्यायचं म्हणजे वीस-पंचवीस लिटर होतं हो.

डोंगरवेडा:
अजिबात नाही. उकळून मीठ जात नाही, उलट पाणी आटून जास्त खारट होतं. दिवाळीनंतर नद्यांना पाणी कमी असतं त्यामुळे खारं पाणी खूप आतपर्यंत चढतं, आणि खारं पाणी जड म्हणून तळाने चढतं, वरचा घोट गोडसर लागला तरी भरवसा नाही. शिवाय नदीच्या वरच्या अंगाला काय आहे ते बघा. सावित्रीवर महाडची एमआयडीसी, कुंडलिकेवर रोह्याची, वाशिष्ठीच्या खोऱ्यात लोट्याची. केमिकल उकळून जात नसतं. पंचवीस लिटर म्हणजे पंचवीस लिटर, किंवा गावातल्या विहिरीवर विचारून भरून घ्या.

कुंडलिकेचं निघालंच आहे तर, मुळशी धरणात अडवलेलं मुळेचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली कुंडलिकेत सोडतात. पुण्याकडे येऊन पुढे भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं ते पाणी रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं. म्हणून रेवदंड्याच्या खाडीबद्दल पुणेकराने जरा जास्तच काळजीने बोलावं असं मला वाटतं.

कासवमित्र_हडपसर:
इतका वेळ वाचत होतो. रानवाट, तुमचं भरतीचं गणित बरोबर आहे पण ते शेवटपर्यंत करून बघा. उधाणाची भरती जिथपर्यंत येते ती वाळूवरची काडीकचऱ्याची रेघ, त्याच्या वर मर्यादावेल सुरू होतो, आणि कुठल्याही शहाण्या माणसाने सांगितलं तर तो टेंट त्या रेघेच्या वरच लावायला सांगेल. बरोबर? आता ऑलिव्ह रिडले कासवाची मादी अंडी कुठे घालते? तिथेच. तिलाही पाणी पोचणार नाही अशीच जागा हवी असते. रात्री येते, दीडएक फूट खड्डा करते, शंभरएक अंडी घालते आणि वाळू थापून परत जाते. उजेड दिसला, माणसं हलताना दिसली की अर्ध्यातून मागे फिरते. आणि सीझन कुठला? नोव्हेंबर ते मार्च अंडी, पुढे मेपर्यंत पिल्लं. तुमचा कॅम्पिंगचा सीझन तोच.

आणखी एक गोष्ट, जी लांबून लक्षात येत नाही. गावातला कार्यकर्ता पहाटे किनाऱ्यावर चालत जातो ते मादीचे माग शोधायला. वाळूवर दोन्ही बाजूंना वल्ह्यांनी ओढल्यासारखा पट्टा उमटलेला असतो, त्यावरून घरटं सापडतं, मग अंडी हॅचरीत, म्हणजे राखणीतल्या सुरक्षित जागेत हलवतात. रात्री त्या पट्ट्यावरून दहा जण शेकोटीसाठी लाकडं गोळा करत फिरले की माग पुसले, घरटं सापडलं नाही आणि सकाळी कुत्री किंवा कोल्हे उकरून मोकळे. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावकऱ्यांना बरोबर घेऊन हे काम उभं केलं, अंडी विकली आणि खाल्ली जात होती तिथे आज गाव राखण करतं. आणि आपण हेडलँप घेऊन तिथे जायचं? पिल्लं उजेडाकडे जातात हो, समुद्रावरचा उजेड समजून तुमच्या शेकोटीकडे येतील. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला प्राणी आहे, साधी गोष्ट नाही.

रानवाट:
हा मुद्दा सगळ्यात जड आहे आणि याला वळसा घालून जायचं नाही. कासवं येतात त्या समुद्राच्या तोंडावरच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, सीझनमध्ये टेंट नको, शेकोटी नको, पांढरा टॉर्च नको. माझी बाजू म्हणून नाही, आजपासून मी दुसऱ्यांनाही हेच सांगणार. पण नदीच्या अंगाला, तोंडापासून आत, उंच काठावर मादी येत नाही. तिथून भरती दिसते, नदीचं उलटं वाहणं दिसतं, मला हवं ते सगळं दिसतं. तिथे राहायला काय हरकत आहे?

खाडीकाठची:
हरकत ही की तो काठ कोणाचा तरी आहे. खाली तिवरं, त्याच्यावर खाजण म्हणजे खारट दलदलीची जमीन, त्याच्यावर कोणाची तरी भातजमीन नाहीतर आगर. मोकळं दिसतं म्हणजे बेवारस नसतं. तुम्ही दुपारीच पोचून वाडीत विचारलंत, कोणाची जागा आहे ते शोधलंत, त्या माणसाने हो म्हटलं, तर राहा, मी कशाला अडवू? पण अंधारात गाडी लावून गपचूप टेंट लावणारेच जास्त आहेत.

आणि शेकोटी. सुरूच्या झाडांच्या बनाखाली वाळलेल्या काड्यांचा थर असतो, एक ठिणगी पुरते. निसर्ग वादळात, २०२० च्या जूनमध्ये, झाडं किती पडली ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय, उरलेली जाळू नका. निखाऱ्यावर वाळू ढकलून लोक निघून जातात, त्यांना वाटतं विझला. वाळूखाली तो तासन् तास धगधगत राहतो आणि वरून काही दिसत नाही. सकाळी जाळी ओढायला येणारी पोरं अनवाणी असतात. भाचीच्या तळव्याला आलेले फोड मी स्वतः धुतलेत, आठवडाभर पोरगी टाचेवर चालत होती. पाणी ओता, हात लावून बघा, आणि खरं तर पेटवूच नका, स्टोव्ह आणा.

डोंगरवेडा:
शेकोटीशिवाय कॅम्प? थंडीत? हे मला नाही पटत. लोखंडी घमेल्यात जमिनीपासून उचलून पेटवली आणि सकाळी राख परत नेली तर कोणाला त्रास आहे?

कासवमित्र_हडपसर:
नदीच्या अंगाला, सुरूपासून लांब, घमेल्यात, चालेल. पुळणीवरून दिसेल अशी नको.

जलतरण_टिळकरोड:
माझा विरोध कायम आहे. पण करणारच असाल तर ग्रामपंचायतीत नावं, फोन नंबर, किती जण, कधी परत हे लिहून ठेवायची वही असावी, आणि त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा तिथेच फळ्यावर लिहिलेल्या असाव्यात. संध्याकाळपर्यंत कोणी परत आलं नाही तर निदान शोधायला तरी कोणी निघेल.

रानवाट:
फळ्याला माझा पूर्ण पाठिंबा, खडूचा खर्च मी देतो. वहीची मात्र भीती वाटते. वही आली की फी येते, फी आली की कोणीतरी ठेका घेतो, आणि दोन वर्षांत तिथे पंधरा तंबू, जनरेटर आणि स्पीकर. धरणाकाठी आपल्या डोळ्यांदेखत हेच झालं.

खाडीकाठची:
फीला एवढं का घाबरता? वेळासला कासवं बघायला माणसं येतात आणि गावातल्या घरांत राहतात, पैसा घरात जातो म्हणून घरं राखण करतात. काठ सांभाळायचं काम आमच्या लोकांनी फुकट करायचं आणि तुम्ही फक्त पान उलटं वाहताना बघायचं, हे कसं चालेल? पाणी आमच्या विहिरीचं घ्या, रात्रीचं जेवण वाडीत सांगा, त्याचे पैसे द्या, मग झोपा कुठे झोपायचंय तिथे. ठेका कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही ते गावकी बघून घेईल, ते पुण्यात बसून ठरवायचं नाही.

रानवाट:
जेवण, पाणी, जागेचे पैसे, तिन्ही मान्य. ठेक्याबद्दल माझं मत तेच आहे, पण ते ग्रामसभेत कोणी विचारलं तर सांगेन. पुढच्या वेळी निघायच्या आधी तुम्हाला मेसेज करतो, वाडीत कोणाला विचारायचं तेवढं सांगा.