दार आत उघडतं की बाहेर?

म्हाताऱ्या माणसांना आंघोळीच्या टबाची उंच कड ओलांडणं जड जातं, म्हणून ‘बाजूला दार असलेला टब घ्या, कड ओलांडायचा प्रश्नच मिटला’ असं सांगतात. खरं आहे, पण अर्धंच. पाणी असताना ते दार उघडायची सोय नसते. म्हणजे आधी कोरड्या टबात बसायचं, दार लावायचं, मग पाणी सोडायचं. आणि आंघोळ झाल्यावर सगळं पाणी जाईपर्यंत ओल्या अंगानं तिथंच बसून राहायचं. आईसाठी टब घेताना हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाणी पोटाखाली उतरलं की ती कुडकुडायला लागायची. शेवटी खांद्यांवर मोठा टॉवेल टाकून मी हॅण्ड शॉवरनं तिच्या पायांवर कोमट पाणी सोडत बसायचो.

दुसरं म्हणजे, आत उघडणारं दार पाण्याच्या दाबानंच घट्ट बसतं, त्यामुळे गळायची भीती कमी. पण आत कुणाला चक्कर आली तर बाहेरून ते ढकलून उघडत नाही, शिवाय उघडताना गुडघे आड येतात ते वेगळंच. व्हीलचेअरवरून सरकून बसायचं असेल तर बाहेर उघडणारंच बरं. आणि जो वापरणार आहे त्यालाच कपड्यांनिशी आत बसवून दार लावून बघायला सांगा. आईचा हात खिटीपर्यंत पोचत नाही हे आम्हाला टब बसवल्यावर कळलं!