पाण्याखाली चालणारा मेटल डिटेक्टर कोणता घ्यावा? (मालवण, खोली सात-आठ मीटर)

तांडेल_देवबाग:
मंडळी, आमची होडी तारकर्ली-देवबाग पट्ट्यात पर्यटकांना स्कुबाला नेते. मोसमात दोन-तीन आठवड्यांनी कुणाची ना कुणाची अंगठी पाण्यात जातेच. पाण्यात बोटं आकसतात, वर सनस्क्रीन चोपडलेलं. गेल्या रविवारी एका नव्या नवरीची गेली. दोन टाक्या संपवल्या, हाताला लागली नाही. पोरगी जेट्टीपर्यंत एक शब्द बोलली नाही.
आता मशीन घ्यावं म्हणतोय. बजेट साठ हजार. तळाला वाळू, मधेमधे खडक. ऑनलाइन बघावं तर सगळ्यांवरच 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं. काय घेऊ?

रापणवालो:
मेल्या, सोन्याच्या वस्तू काढून पिशयेत घाला म्हणान होडयेत बोर्ड लाव. फुकट काम.

तांडेल_देवबाग:
बोर्ड आहे. त्याच्याच बाजूला उभं राहून सेल्फी काढतात.

बुडीमास्तर:
आधी खोली बघ, मग कंपनी. गॅरेट एटी प्रो, मायनलॅब इक्विनॉक्स ८००, नोक्टा लेजंड ही चांगली मशीनं आहेत, पण तीन मीटरपर्यंतची. किनाऱ्यावर कमरेइतक्या पाण्यात फिरणाऱ्यांसाठी. तू आठ मीटरवर नेलंस तर एक दिवस आत पाणी शिरणार, आणि वॉरंटीवाला हात वर करणार.
खोल पाण्यातली म्हणजे मायनलॅब एक्सकॅलिबर २ आणि गॅरेट सी हंटर मार्क २, दोन्ही साठ मीटरच्या पुढे जातात. एक्सपी डीयस २ वीस मीटरपर्यंत चालतं, पण त्याची कॉइल (तळावरून फिरवायची चकती) मशीनशी रेडिओवर बोलते आणि रेडिओ पाण्यातून जात नाही, म्हणून बुडताना अँटेनाची वायर जोडावी लागते. ब्लूटूथ हेडफोनचंही तेच, डोकं पाण्याखाली गेलं की मुके.
दुसरी गोष्ट मिठाची. खारं पाणी वीज वाहतं, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवरची स्वस्त मशीनं समुद्रात उगाच किरकिरतात. त्यात आपल्या किनाऱ्यावर काळी वाळू, जांभ्याचे दगड, म्हणजे लोखंडच. पल्स इंडक्शनवाल्या, म्हणजे विजेचे तुटक तुटक झटके सोडून धातू शोधणाऱ्या मशीनला (सी हंटर त्यातलंच) मीठ आणि काळी वाळू फारशी त्रास देत नाही. खोट एकच, लोखंड कुठलं आणि सोनं कुठलं हे ते सांगत नाही. होडीचा खिळा, गळ, बाटलीचं झाकण, सगळ्यांना सारखंच ओरडतं. एक्सकॅलिबर अनेक फ्रिक्वेन्सींवर चालतं, लोखंड वेगळं काढतं. पण इथे हातात पडेपर्यंत लाखाच्या वर जातं.
तुझं काम ठरावीक जागेवरचं आहे. साठ हजारांत मी नोक्टा पल्सडाइव्ह घेईन. साठ मीटरपर्यंतचं, छोटं, पॉइंटर (नेमकी जागा दाखवणारी हातातली कांडी) म्हणूनही चालतं, कॉइल लावली की डिटेक्टर. आवाजाशिवाय थरथरतंही, त्यामुळे बुडबुड्यांच्या गोंगाटात अडत नाही. उरलेल्या पैशात दोरी आणि बोया घे.

तांडेल_देवबाग:
दोरी कशाला?

बुडीमास्तर:
अंगठी पडली कळल्याबरोबर वजन बांधलेला बोया तिथेच सोड. होडी नांगरावर फिरते, दहा मिनिटांनी 'इथेच पडली होती' म्हणणारा माणूस वीस हात चुकतो. मग त्या वजनाला दोरी बांधून गोल फिर. एक फेरी झाली की हातभर दोरी सोडायची. कॉइल तळाला चिकटवून, हळू. पाय तळाला लागू देऊ नकोस, नाहीतर वाळू उठते आणि अंगठी आणखी खाली जाते. आणि कमरेचं शिसं, सुरी, टाकी कॉइलपासून लांब. मी पहिल्या दिवशी अर्धा तास स्वतःच्याच वेटबेल्टमागे हिंडलो होतो.

सासर_वेंगुर्ला:
मंगळसूत्र सापडेल का हो? माझ्या जावेचं शिरोड्याला लाटेत गेलं.

बुडीमास्तर:
वहिनी, वाट्या सापडतील, साखळी अवघड. मशीनला बंद गोल लागतो. अंगठी म्हणजे एक अखंड कडं, ती चांगली बोलते. साखळीतली प्रत्येक कडी मशीनला वेगळी आणि बारीक दिसते. शिवाय लाटेतली वस्तू एका उधाणात कुठल्या कुठे जाते.

खाडीकाठ:
माझा अनुभव. मशीन चांगलं होतं, चूक माझी. बॅटरी बदलताना ओ-रिंगवर (झाकणातून पाणी आत येऊ न देणारं रबरी कडं) वाळूचा एक कण राहिला. पाचव्या मीटरला डिस्प्लेच्या आत थेंब दिसला, वर येईपर्यंत खेळ संपला. आता झाकण घरीच, कोरड्या हातांनी उघडतो, ओ-रिंग बोटाने चाचपून सिलिकॉन ग्रीस लावतो. दर बुडीनंतर गोड्या पाण्यात बादलीभर भिजवून ठेवायचं. आणि नामांकित मशीनं अर्ध्या किमतीत दिसली तर हात लावू नको. नकली फार आहेत. सिरियल नंबर कंपनीकडे तपासल्याशिवाय पैसे देऊ नको.

जुनी_नाणी:
एक सांगतो, रागावू नका. किल्ल्याच्या तटाजवळ मशीन घेऊन उतरू नका. सिंधुदुर्ग केंद्राचं संरक्षित स्मारक आहे, परवानगीशिवाय तिथे काही खणता येत नाही. भोवतालच्या पाण्यात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथल्या प्रवाळालाही धक्का लागता कामा नये. जुनं नाणं-बिणं मिळालंच तर १८७८ चा निखात निधी (पुरलेल्या धनाचा) कायदा अजून लागू आहे, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू असली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

रापणवालो:
म्हणजे सोन्याचो हंडो मिळालो तर गपचूप परत बुडवचो.

तांडेल_देवबाग:
पल्सडाइव्ह आलं. काल अष्टमी, भांगाची भरती, पाणी निवळ होतं. बायकोची जुनी अंगठी नायलॉनच्या दोऱ्याला बांधून वाळूत पुरली (दोरा तिनेच बांधला, माझ्यावर भरवसा नाही). चार बोटं खोल होती तोवर मशीन नीट थरथरलं. वीतभर खाली गेल्यावर गप्प. त्या आधी दोन शिशाचे गोळे, एक पाना आणि पाच झाकणं निघाली. पाना आमचाच, मागच्या मोसमातला.
नवरीच्या अंगठीची जागा साधारण लक्षात आहे. उद्या सकाळी ओहोटी संपता संपता उतरतोय. बुडीमास्तर, दोरी वीस मीटर पुरेल का?

बुडीमास्तर:
पंधरा पुरे. जास्त सोडलीस तर खडकात अडकेल.