मिठाच्या कणकेची खेळणी पावसात पाझरतात, काय करावे?

सुपारीबाग (गुहागर)
मुले ४ आणि ७ वर्षांची. २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ आणि पाऊण वाटी पाणी मळून उंदीर, मासे, पणत्या केल्या. पंख्याखाली चार दिवसांत कडक झाल्या, पण आठवडाभरात अंगाला पाणी सुटले, रंग ओघळले आणि खालून बुरशी धरली. घरी ओव्हन नाही. गणपतीच्या आराशीत मुलांच्या हातचे काहीतरी ठेवायचे आहे. कणकेतच काही बदल करावा की माती घ्यावी? धाकटा अजून बोटे तोंडात घालतो, त्यामुळे रंगही तसेच हवेत.

रोवळी (रत्नागिरी)
मळण्यात काही चुकलेले नाही, मीठच घात करते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून विरघळू लागते, आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणात ती बहुतेक वेळ त्याहून जास्तच असते. खडेमीठ तर आणखी लवकर पाझरते. वरून वार्निश लावून उपयोग नाही; आत राहिलेली ओल कोंडते आणि बुरशी आतूनच येते. तव्यावर भाजले तर बाहेरून करपते, मध्ये कच्चेच राहते.

ही खेळणी दिवाळीनंतर करा. पावसात कणीक फक्त खेळायला ठेवा: १ वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, १ वाटी पाणी, २ चमचे तेल आणि १ चमचा लिंबाचा रस मंद आचेवर ढवळत राहायचे, कडा सोडून गोळा झाला की उतरवायचे. घट्ट झाकणाच्या डब्यात काही दिवस मऊ राहते. वास बदलला की टाकून द्या, पण कुत्र्याला सापडेल अशी नको. एवढे मीठ पोटात गेले तर त्याच्या जिवावर बेतू शकते.

चिकणमाती (सावंतवाडी)
टिकवायचे असेल तर शाडूच घ्या. मुलांना १ किलो पुष्कळ होते. पाणी पाव लिटरपासून सुरू करून थोडे थोडे वाढवा, रात्रभर ओल्या फडक्याखाली मुरू द्या. सकाळी चिमूटभर पिंजलेला कापूस घालून पोळीच्या कणकेसारखी मळा. कापसाच्या तंतूंनी तडे कमी जातात. बोटाएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. चिरली तर पाणी कमी आहे, हाताला चिकटली तर जास्त.

तडे बहुतेक दोन कारणांनी जातात. एक, जाडी. वरचा थर आधी सुकून आक्रसतो, आतला ओलाच असतो. जाडी अंगठ्याहून जास्त नको. मोठा उंदीर असेल तर अर्धवट सुकल्यावर पोटाखालून चमच्याने कोरून पोकळ करा. आत बाटली किंवा नारळाची करवंटी घालून त्यावर माती थापू नका. माती आक्रसते, करवंटी आक्रसत नाही, मग चीर पडणारच. दुसरे कारण, सांधे. कान, शेपटी, सोंड नुसती दाबून चिकटवली की सुकताना गळून पडते. दोन्ही बाजूंना काडीने उभ्या-आडव्या रेघा मारा, दह्यासारखी पातळ माती लावा, मगच दाबा.

सुकवताना पंखा नको. बारीक भाग आधी सुकतात आणि तिथेच तुटतात. पहिले दोन दिवस वर सैल फडके, मग रोवळीत ठेवून पडवीत, म्हणजे खालूनही वारा लागतो. रोज बाजू बदला. पावसात आठ-दहा दिवस धरा. गालाला लावून बघा, गार लागले तर आत ओल आहे. चुलीजवळ घाई करू नका, आतली वाफ माती फोडते. मोडलेले तुकडे पूर्ण वाळवून पाण्यात टाका. वाळलेली माती लवकर विरघळते, अर्धवट ओल्याचे गोळे राहतात.

माती विकतच्या पिशवीतलीच घ्या. वारुळाची माती आणायला मुलांना या दिवसांत पाठवू नका, तिथे सापाचा धोका असतो. अंगणातली जांभ्याची लाल माती खरबरीत असते, तिला शाडूसारखा चिकटपणा नसतो.

माडाखाली (मालवण)
रंगांचे सांगतो. गोकर्णाची १०-१२ फुले अर्धी वाटी कडकडीत पाण्यात घाला, निळा येतो. त्यातल्या थोड्यात लिंबाचे दोन थेंब टाकले की जांभळा-गुलाबी, दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की हिरवट. हळदीत सोडा घातला की तांबूस. चुन्यानेही हळद लाल होते, पण चुना डोळ्यात गेला तर भाजतो. मुलांच्या हातात नको. खळीत (शिजवलेल्या पिठाच्या चिकीत) मोरचूद घालायची जुनी रीतही इथे टाळा, ते विषारी आहे.

कोकमाचे आगळ लावू नका. त्यात मीठ असते, म्हणजे पुन्हा तेच पाझरणे. सरबताचा पाक असेल तर मुंग्या लागतील. सुकलेल्या मातीवर रंग पातळ, दोन-तीन हातांत लावा. एकदम ओला हात फिरला तर माती सुटून कुंचल्यावर येते. हळद उन्हात विटते, मखरात आतल्या बाजूला ठेवा.

सुपारीबाग (गुहागर)
शाडू उद्याच आणते. धाकट्याला सोंड-शेपट्या जमणार नाहीत, त्याला काय द्यावे?

चिकणमाती (सावंतवाडी)
लाडू आणि पोळ्या. पेढ्याएवढे गोळे त्याने वळावेत, मोठ्याने त्यांचे मोदक करावेत. थापलेल्या चकतीवर जास्वंदीचे पान शिरांच्या बाजूने दाबून उचलले की शिरा न् शिरा उमटते, हे त्याला नक्की जमेल. चकती बोटाच्या पेराच्या निम्मी जाड ठेवा, आणि वाकू नये म्हणून अर्धी सुकल्यावर उलटा.